हेडलाइटांची कावीळ

माझ्या सासऱ्यांना मोतीबिंदू झाला होता आणि माझ्या सेकंडहँड गाडीलाही. सासरे पोलादपूरच्या वर डोंगरात राहायचे आणि दवाखाना आमच्या महाडात. ऑपरेशनची तारीख दोनदा घेतली, दोनदा फुकट गेली. आणखी लांबवलंत तर डावा डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी म्हातारा गाडीच्या धुरकट हेडलाइटवर बोट ठेवून म्हणाला, “तुमची गाडी माझ्यापरीस आंधळी हाय. आधी तिचं आपरेशन करा, मंग माझं बघू.”

निव्वळ बहाणा! भरदिवसा हेडलाइट लागतो कोणाला? पण बायकोनं रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या डोळ्याची भीती वाटत होती.

आमचा शेजारी दुबईच्या गॅरेजात काम करून आलेला. त्यानं युक्ती सांगितली, “पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घास, मग टूथपेस्ट लाव. शेवटी लॅकरचा पारदर्शक थर मार, नायतर प्लास्टिक उघडं राहील आणि डाग धरील.” दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाडीपुढे उकिडवा बसून सकाळपासून घासत होतो. अख्खी ट्यूब संपली, पण आतला बल्ब स्वच्छ दिसायला लागला. तोवर लॅकरचं दुकान बंद झालं. म्हटलं, एका दिवसानं काय बिघडतंय!

दसऱ्याला मी आंघोळीला गेलो आणि आईनं गाडीची पूजा उरकली. झेंडूचा हार, नारळ, आणि दोन्ही हेडलाइटांवर ओल्या हळदीची ठसठशीत स्वस्तिकं. संध्याकाळी पुसायला गेलो तर हळद प्लास्टिकात मुरलेली. मी चिडून घासत सुटलो, तशी ती सगळीकडे पसरली.

“शुभच आहे की,” आई म्हणाली. मी तिच्याशी रात्रीपर्यंत बोललो नाही.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. सकाळीच मी आणि बायको डोंगरावर पोचलो. सासरे काठी टेकत अंगणात आले, हेडलाइटला नाक लावलं, वरून तळवा फिरवला.

“आता कसं! लख्ख झालं.”

मी बायकोकडे पाहिलं. ती कोंबड्यांकडे बघत होती. सासरे मुकाट्यानं पुढच्या सीटवर बसले आणि त्यांचं मन बदलायच्या आत मी गाडी हाणली. जुन्या मोतीबिंदूत सगळं जगच पिवळट दिसतं, हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितलं.

डावा डोळा वाचला. आठवड्यानं, आमच्याकडेच राहिलेले सासरे काळा चष्मा लावून अंगणात उतरले आणि गाडीपुढे थबकले. चष्मा वर केला. खाली वाकून बराच वेळ पाहत राहिले.

“हिला कावीळ कधी झाली?”

“तुम्ही बसलात तेव्हा होतीच,” मी कबूल केलं.

सासरे चष्मा खाली घेत म्हणाले, “दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्या, जावयबापू. पण मी यष्टीनं येईन. आता मला दिसतंय.”