कुंभारणीने लिंपलेलं कुलूप

किल्लीकाकांच्या दुकानावर पाटी होती : ‘कुलूप न तोडता उघडून मिळेल.’ पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली, आणि त्यातलं ‘न तोडता’ तेवढं लाल रंगात. चाळीस वर्षांत त्यांनी एकही कुलूप तोडलं नव्हतं. “हातोडा काय, कुणीही मारतो,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, आणि वरच्या खोलीत त्यांची बायको ते ऐकून कपाळाला हात लावी. तिला हे वाक्य तोंडपाठ झालं होतं.

दुकान जिन्याखाली, घर जिन्यावर. दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना दहा-पंधरा कुलपं टांगलेली असत आणि प्रत्येकाचं किल्लीचं भोक मातीने बुजलेलं असे. ही कामगिरी कुंभारणीची. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, जी तोंडातून ओल्या मातीची गोळी आणते, मिळेल त्या भोकात अंडं घालते, पिल्लाच्या जेवणाची सोय म्हणून चार अळ्या कोंबते आणि वरून दार लिंपून मोकळी होते. लोक दिवसा कुलूप उघडं करून कडीला लटकवतात, तिला ते आयतं घर मिळतं. मग लोक काकांकडे येतात, “काका, किल्लीच जात नाही हो!”

दुसऱ्या कुणी तार घालून माती खरवडली असती. काकाही सुरुवातीला तेच करायचे. एकदा मात्र तारेच्या टोकाला माती आली आणि मातीबरोबर पांढरं, तांदळाएवढं, वळवळणारं काहीतरी आलं. त्या दिवशी काका नीट जेवले नाहीत. तेव्हापासून ते गिऱ्हाइकाला दुसरं कुलूप वापरायला देत आणि बुजलेलं कुलूप तारखेची चिठ्ठी बांधून भिंतीवर टांगून ठेवत. महिना-दीड महिन्याने मातीला गोल भोक पडलं, की आतलं बाळ उडालं असं समजायचं, कुलूप धुऊनपुसून, तेल घालून परत करायचं.

“ती तुमची बहीण लागते का हो?” बायको विचारी.

“अगं, गल्लीच्या टोकाला मातीचा बांध होता, बोरूचं बेट होतं, जुने लाकडी खांब होते. सगळं आपण फरशीखाली घातलं. आता तिने जायचं कुठे?”

एवढं बोलून गप्प बसतील तर ते काका कसले! त्यांनी लाकडाच्या ठोकळ्यांना बारीक भोकं पाडली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाती एकेक ठोकळा दिला. दारापाशी टांगा, म्हणजे ती कुलपाच्या वाटेला जाणार नाही. झालंही तसंच. गल्लीतली कुलपं बुजायची कमी झाली आणि काकांकडे येणारी माणसंही. स्वतःच्या धंद्यावर इतक्या हौसेने पाणी सोडणारा माणूस शोधून सापडायचा नाही. बायको चिडायची, पण शेजारीण “वेडे आहेत” म्हणाली, तेव्हा तिने शेजारणीशी आठवडाभर अबोला धरला.

लेकीचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाला आईने जायचं ठरलं. चार महिने खपून तिने दुपटी शिवली, टोपरी शिवली आणि खिडकीखालच्या लोखंडी पेटीत ठेवून कुलूप घातलं. ते पितळी कुलूप काकांनी शिकाऊ असताना स्वतःच्या हाताने घडवलेलं, लग्नात बायकोला दिलेलं. किल्ली एकच, तिच्या कमरेला.

निघायच्या दिवशी सकाळी तिने किल्ली घातली. किल्ली जाईना. वाकून पाहिलं आणि तिने जिन्यातून हाक मारली, “अहो, वर या! तुमची बहीण आलीय माहेरपणाला!”

काका वर आले, कुलूप पाहिलं आणि त्यांची नजर खिडकीच्या रिकाम्या कोपऱ्यात गेली. तिथला कुंभारणीचा ठोकळा आणखी भोकं पाडायला म्हणून त्यांनीच तीन आठवड्यांपूर्वी काढला होता आणि दुकानातल्या बाकाखाली विसरले होते. बिचारीने हक्काचं घर दिसेना, तेव्हा जवळचं भोक धरलं.

“गाडी अकराची आहे,” बायको म्हणाली.

बंद कुलपात घर झालेलं काकांनी कधी पाहिलं नव्हतं. पेटीचा कोयंडा जाड, आतून ठोकलेला. तो तोडायचा तर दणके बसणार आणि मातीला तडे जाणार. काका पेटीसमोर उकिडवे बसले. मग त्यांनी खिशातून तार काढली.

बायकोने त्यांच्या हाताकडे पाहिलं. कसलंही कुलूप असो, तो हात कधी अडला नव्हता. आता तारेचं टोक मातीपर्यंत जाऊन दोनदा मागे आलं. आपल्यासाठी हा माणूस तार घालील आणि मग कितीतरी दिवस नीट जेवणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. तिला त्यांची इतकी माया आली की राग आल्यासारखी ती ओरडली, “थांबा! करवत आणा.”

“कशाला?”

“कुलपाचा दांडा कापायला.”

“मी कुलूप तोडत नाही. आणि हे तर...”

“माहितीये हे कुठलं आहे ते. तुम्हाला कोण तोडायला सांगतंय? तुम्ही नुसतं धरा.”

काकांनी दोन्ही तळव्यांत कुलूप धरलं, मातीला धक्का लागू नये असं. बायकोने करवत चालवली. पितळेचा पिवळा भुगा काकांच्या मनगटावर पडत होता आणि ते खिडकीबाहेर बघत होते. अर्धा तास लागला. दांडा तुटला. तिने दुपटी पिशवीत भरली, काकांनी कुलूप तसंच ओंजळीत धरून खाली नेलं.

दीड महिन्याने ती परतली. नातीचे फोटो दाखवायची घाई होती, पण आधी ती भिंतीपाशी गेली. तुटकं कुलूप खिळ्यावर होतं. मातीला छान गोल भोक पडलं होतं.

“कधी गेली?”

“मंगळवारी. मी समोरच होतो.”

बाहेर एक गिऱ्हाईक पाटीकडे बघून हसत होतं. बायकोने बाहेर येऊन वर पाहिलं. ‘कुलूप न तोडता उघडून मिळेल’ तसंच होतं. खाली ताज्या लाल रंगात नवी ओळ होती : ‘आजवर एकच तोडलं. ते बायकोने.’