पंचावन्नवरचा काटा

टायरवाल्याला सासऱ्यांचं पहिलं दर्शन झालं ते पाठमोरं, आणि ते तब्बल पन्नास मिनिटं टिकलं. अरुंद रस्ता, पुढे एक छोटी राखाडी गाडी, वेग ताशी पंचावन्न. मागे एवढी रांग, की शेवटच्या गाडीतली तान्ही बाळं मुक्काम येईपर्यंत बोलायला लागली असतील. टायरवाल्याने हॉर्न दाबला, दिवे मारले, काच खाली करून पुढच्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. शेवटी कसाबसा पुढे सटकला, मुलीच्या घरी पोचला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावतोय तोच दारात तीच राखाडी गाडी येऊन थांबली.

"हॉर्न ठणठणीत आहे तुमचा," आत येत मुलीचे वडील म्हणाले. "लग्नाचं बोलायला आलात ना? घाई दिसलीच."

दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पाव किलोत गुंजभर फरक निघाला तरी त्यांना जेवण जात नसे. गल्लीत मात्र त्यांना सगळे 'पंचावन्न' म्हणत. त्यांचं म्हणणं साधं होतं. वेग वाढवला की गाडीला वाऱ्याशी कुस्ती खेळावी लागते आणि त्या कुस्तीचा खुराक टाकीतून जातो. फारच हळू गेलं तर खालच्या गिअरमध्ये इंजिन बसल्या बसल्या पेट्रोल पितं. म्हणून टॉप गिअर, काटा पंचावन्नवर, पाय स्थिर. गाडी जुनी घेतलेली, पण नऊ वर्षं तिचं अ‍ॅव्हरेज लिटरला बावीस. दर वेळी टाकी काठोकाठ भरून काढलेलं, वहीत लिहिलेलं.

"आधी ही गाडी चालवून दाखवा. गाडी जाळणारा माणूस संसार काय सांभाळणार?"

"बाबा, मी काय गाडी आहे?" आतून मुलगी ओरडली.

"गाडी ऐकते तरी!"

पुढच्या रविवारी टायरवाल्याने त्यांना शेजारी बसवून नव्वदने शंभर किलोमीटर गाडी पळवली. अ‍ॅव्हरेज निघालं पंधरा. त्याच्या पुढच्या रविवारी तोच रस्ता, दात-ओठ खात, पंचावन्नने. बावीस.

"पटलं?"

"पटलं, काका."

लग्न झालं.

आता टायरवाल्याची नजर माणसाच्या तोंडाआधी त्याच्या चाकाकडे जाते. सासऱ्यांच्या गाडीचे टायर एक माप लहान आहेत, हे त्याने पहिल्याच दिवशी ताडलं होतं. जुन्या मालकाने बसवले, आणि पुढे सासरे दर वेळी दुकानात सांगत आले, 'होते त्याच मापाचे द्या.' काका होते तोवर तो गप्प बसला. काकांचे बाबा झाल्यावर त्याने हौसेने योग्य मापाचे चार नवे टायर स्वतःच्या हाताने बसवले. सासरे पाच मिनिटं टायरवरून हात फिरवत राहिले.

पंधरा दिवसांनी ते वही घेऊन दुकानात आले.

"जावईबापू, साडेवीस."

"काय साडेवीस?"

"अ‍ॅव्हरेज. तीन वेळा टाकी भरून पाहिली. काय केलंत माझ्या गाडीला?"

टायर बसवताना हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पेट्रोलमध्ये भेसळ असेल, अशी थाप मारावी? पण समोर काटेवाला होता.

"गाडीला काही नाही झालं, बाबा. लहान चाक तेवढ्याच अंतरात जास्त फिरतं. मीटर चाकाचे फेरे मोजतं. त्यामुळे किलोमीटर जास्त दिसत होते."

"म्हणजे बावीस कधीच नव्हते?"

"नाही. आधीही साडेवीसच."

"आणि पंचावन्न?"

"खरे एक्कावन्न."

सासरे स्टुलावर बसले. "नऊ वर्षं लोकांचे काटे तपासले मी," ते म्हणाले, "आणि हा एक राहिला."

"जुने टायर ठेवलेत मी. परत बसवू?"

"खोटं वजन माहीत असून तराजूत टाकू?"

वही त्यांनी टायरवाल्याच्या टेबलावरच ठेवली; त्यानंतर अ‍ॅव्हरेज म्हणून काढलं नाही. महिन्याभरात गाडी विकायला काढली. घेणारा आला, त्याने बॉनेट उघडून पाहिलं, चारी चाकांना लाथा मारल्या आणि विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

"माहीत नाही," सासरे म्हणाले.