पुठ्ठा लावून वाचणारा माणूस

"आल्झो, विकतंय कोण?"

'आल्झो' म्हणजे जर्मनमधलं 'तर मग'. एवढं म्हणेपर्यंत त्यांच्या हातातला पुठ्ठा स्क्रीनच्या उजव्या कडेवर बसलेला असे. नाश्त्याच्या म्युझलीच्या खोक्याचा, कात्रीने नीट कापलेला. त्याच्यामागे जाहिराती बिचाऱ्या नाचत राहायच्या आणि हे गृहस्थ बातमीच्या एकेका ओळीखाली बोट धरून वाचत बसायचे. जर्मनीत, ब्योब्लिंगेनच्या आमच्या ऑफिसात गिअरबॉक्सची गणितं करणारा हा पुण्याचा इंजिनिअर इंटरनेट वाचायचा तो चोराच्या घराची झडती घेतल्यासारखा!

मी शेजारच्या टेबलावर. माझा स्वभाव नेमका उलटा, हे तुम्ही एव्हाना ताडलं असेलच. एकदा हवामान बघायला फोन उघडला आणि चीज वितळवायचं यंत्र मागवून मोकळा झालो.

"कशाला गेला होतास तिथे?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"हवामान बघायला."

"मग? पाऊस आहे का?"

ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"मोठं, रंगीत बटण नेहमी त्यांच्या फायद्याचं," ते शिकवायचे. "आपलं बटण बारीक आणि राखाडी." संशय स्क्रीनपुरता राहिला असता तर ठीक. पण वाढदिवसाचा केक आणणाऱ्या सहकाऱ्याकडे बघूनही ते पुटपुटायचे, "नाताळची सुट्टी आधी लाटायची असणार याला." आणि गंमत म्हणजे, असायची!

तो 'विकतंय कोण'चा प्रश्न एकदा त्यांनी घरीही केला. मुलीने तिचा मित्र चहाला आणला होता. उंच, लाजरा जर्मन मुलगा. त्याने हसून फुलं पुढे केली, तर हे मराठीत म्हणाले, "हा काय विकायला आलाय?" मुलगी बोलायची जर्मन, पण मराठी तिला अक्षर न् अक्षर कळायचं. ती त्याच्याबरोबर लाइपझिगला निघून गेली. दोघांची समजूत घालणारी तिची आई आधीच वारलेली. बापलेकीचं बोलणंच थांबलं.

मग एके दुपारी कॅन्टीनमध्ये त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मुद्रा शिकाऱ्याची.

"बघ. आदर्श नमुना."

मेसेज मराठीत होता. 'बाबा, मी आहे. हा माझा नवा नंबर. महत्त्वाचं आहे. लिंक उघडा आणि शुक्रवारपर्यंत कळवा.'

"नवा नंबर, घाई, लिंक! इथल्या ठगांची ठरलेली पद्धत. वर मराठी! अरे, माझी मुलगी मला पापा म्हणते आणि भांडतेसुद्धा जर्मनमध्ये. कालच ब्लॉक केलंय."

युक्तिवाद बिनतोड होता. पण माझं बोट, तुम्हाला माहीतच आहे, कोणाचं ऐकत नाही. ते लिंकवर पडलं.

"अरे गाढवा!"

पान उघडलं. ती, तो उंच मुलगा, आणि खाली रजिस्टर लग्नाची तारीख. त्याखाली दोन ओळी: 'बाबा, तुमच्यासाठी मराठी लिहायला शिकतेय. तुम्ही याल ना?'

"पुठ्ठा देऊ आणून?" असं काहीतरी माझ्या जिभेवर आलं होतं. त्यांचा चेहरा पाहिला आणि गिळलं.

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं.

"आज वार कोणता रे?"

"शुक्रवार."

ते खुर्ची मागे ढकलून उठले. जेवण तसंच टाकून काचेच्या दाराबाहेर गेले.

पुढे निवृत्त होऊन ते लाइपझिगलाच राहायला गेले. शेजारचं टेबल आता रिकामं असतं. पण त्यांची आठवण निघाली, की मला ती कॅन्टीनची काच दिसते. पलीकडे सायकलींच्या रांगेत ते उभे आहेत, फोन कानाला घट्ट धरलेला. ती बहुधा एकेक मराठी शब्द शोधून बोलत असावी, कारण यांचे ओठ हलत नाहीत. हे नुसती मान डोलावताहेत, पुन्हापुन्हा, जणू तिला तिकडे दिसणारच आहे.