ती फुलं देवीची नव्हती

पहाटे साडेचारला तेरेजाने ओट्याखालून हाक मारली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. मी दाराची कडी इतकी हळू काढली, की चोरालाही जमणार नाही! आत माझी लेक बेबी झोपली होती. तिला न सांगता जायचं होतं.

अशा गोष्टी साठत जातात. न्हाणीच्या चुलीमागे नारळाची सोडणं साठतात ना, तशा. मुद्दाम कुणी ठेवत नाही, टाकूनही कुणी देत नाही. घरात बोलायला कुणी नसलं की मी एकेक काढून बसते. आमच्याकडे अशा संध्याकाळी पुष्कळ. यांची नोकरी मस्कतला, सासूबाई दिवेलागण झाली की डोळे मिटणार. मग म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

आम्ही तिघी सातवीपर्यंत एका बाकावर. पापडी गावची तेरेजा, तिच्या वडिलांची मोगऱ्याची वाडी. मिठागराकडची हिरा, तिचा नवरा मिठागरावर मुकादम. आणि मी मंदा, लग्न होऊन गासला आलेली. आमची वाडी केळीची. हिराला दोन मुलं, मला बेबी. तेरेजाचं लग्न व्हायचं होतं.

*

बेबीला दीड वर्ष उलटून गेलं तरी ती अंगावरचं सोडत नव्हती. भात दिला की थुंकायची. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी हिचं दूध तोडा, मग ही जेवेल."

मी घाबरले. आधीच मी घाबरट. बेबी शिंकली तरी मला धाप लागते!

सासूबाईंनी कोरफडीचा गर लावायला सांगितला. लावला. बेबीने तोंड वाकडं केलं, माझ्याकडे एकदा रागाने बघितलं, आणि पुन्हा लागली प्यायला!

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "बापावर गेलीय! माझं करपलेलं कारलं तोच एकटा मिटक्या मारत खायचा."

मग सगळ्या बाया एकच सांगायला लागल्या, दोन रात्री तिच्या नजरेआड हो. बाकीच्या यासाठी माहेरी जातात. माझी आई मी शाळेत असतानाच गेलेली. भावाच्या घरात पाहुणी म्हणून जायचं, आणि तेही मूल न घेता? काय सांगू तिथे?

आणि खरं सांगू, मला मनातून ते तोडायचंच नव्हतं. हे मस्कतला गेल्यापासून झोपेत माझ्या अंगावर हात टाकणारं घरात ते एकच माणूस होतं.

तेरेजाने तोड काढली. "सातवीची सहल वज्रेश्वरीला गेली तेव्हा आपल्या तिघींनाही घरून सोडलं नव्हतं. आता जाऊ. चालत जाऊ, धर्मशाळेत राहू."

मला वाटलं, सासूबाई नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "जा. पण चालतच जा. दमलीस की रडायला त्राण राहणार नाही."

*

आता बेबीची एक गंमत सांगायला हवी.

तेरेजा आमच्याकडे यायची ती डोक्यात मोगऱ्याचा गजरा घालूनच. वाडीच त्यांची! आली की बेबी तिच्या मानेत नाक खुपसायची आणि म्हणायची, "मावशी." पुढे पुढे मोगऱ्याचा वास आला की ती मावशीच. एकदा बाजारातून येताना एका अनोळखी नव्या नवरीच्या मानेवर झेपावली. "मावशी!" नवरी बिचारी घाबरून नवऱ्याच्या मागे लपली.

सासूबाई म्हणाल्या, "हिला काय, अख्खा पापडीचा बाजार मावशी!"

मी फुलं माळत नव्हते. हे गेल्यापासून सुटलंच ते. कुणी नको म्हटलं नव्हतं. आरशासमोर उभं राहायचाच कंटाळा.

*

तर त्या पहाटे तेरेजाने केळीच्या पानाची एक मोठी पुडी माझ्या हातात दिली. ओली, गार. आत मोगरा.

"देवीला?" मी विचारलं.

"तुला," ती म्हणाली. "माझी आजी सांगायची, मोगरा छातीशी बांधला की दूध आटतं. चोळीत घाल. सुकला की दुसरा."

हिरा कंदील धरून उभी होती. म्हणाली, "घाल गो मंदे, लाजतेस काय? इथं हाय कोन बघायला!"

तुळिंजला उजाडलं. एक आजोबा ओट्यावर बसून दात घासत होते. आम्ही समोरून गेलो तशी त्यांनी मान वर केली, नाकाने वारा ओढला. "देवीला एवढा मोगरा? नवस मोठा दिसतो!"

माझी मान खाली. हिरा म्हणते कशी, "मोठाच हाय आजोबा! फेडायला दोन दिस लागतील."

*

हायवे ओलांडला, तुंगारेश्वरचा चढ लागला आणि हिराच्या पोटात कळ आली. शिळी भाकरी बाधली असावी. एका दगडावर बसली ती उठेना. जंगलात कुठलं औषध?

मी पिशवी उघडली. तेरेजा बघतच राहिली. पिशवीत ग्राइप वॉटर. बेबीचं टोपडं. लंगोट. ताप मोजायची नळी. काजळाची डबी. खुळखुळा.

"मंदे! मूल घरी आणि हे सगळं इथे?"

रात्री पिशवी भरताना हात आपोआप तिकडेच जात होते.

हिराने बाटली ओढून घेतली आणि निम्मी घटाघटा प्यायली. थोड्या वेळाने उठून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "आता थोपट. ढेकर आल्याबिगर मी एक पाऊल टाकनार नाय!"

मी थोपटलं. आणि काय सांगू, ढेकर आली!

*

वरून सगळा किनारा दिसतो. तेरेजाने बोट केलं. "ते पांढरं टोक दिसतं ना, ते आमचं पापडीचं चर्च. तिथून उजवीकडे ये, ये, ये... ती झाडी म्हणजे तुझं गास."

मला नुसती झाडी दिसली. तरी मी तिकडे तोंड करूनच भाकरीचं फडकं सोडलं. एव्हाना बेबी उठली असेल. सगळ्या खोल्या फिरून झाल्या असतील. मोरीत वाकून बघितलं असेल.

हिरा म्हणाली, "घराकडं तोंड करून खाल्लंस म्हणून काय पोरीच्या पोटात जानार हाय?"

मग पलीकडची उतरण लागली. खाली पारोळच्या अलीकडे आदिवासींचा एक पाडा. तिथे कुडाआडून रडणं ऐकू आलं. मी थांबले, आणि थांबल्या जागी दुधाने माझं लुगडं भिजलं. फुलांसकट! कुडाआड जाऊन बघते तर शेळीचं करडू. आई चरायला गेलेली, म्हणून ओरडत होतं.

एक म्हातारी झाडत होती. माझ्या भिजलेल्या पदराकडे बघून म्हणाली, "पोर कुठं?"

"घरी. गासला," मी म्हटलं, आणि मागच्या डोंगराकडे हात केला.

तिने डोंगराकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मंग तू इकडं कुठं चालली?"

तेरेजाने माझा हात धरला आणि पाडा मागे पडेपर्यंत सोडला नाही.

*

वज्रेश्वरीला पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. पायांचे तुकडे पडले होते. धर्मशाळेच्या दारात गुरखा नव्हता, पण त्याच्या वरचढ एक व्यवस्थापक होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "तिघीच? सोबत पुरुष कोण?"

"आहेत ना," तेरेजा म्हणाली. "एक मस्कतला, एक मिठागरावर, आणि माझा अजून ठरायचाय. थांबता का, बोलावून घेते!"

त्यांनी मुकाट्याने किल्ली दिली. आम्ही जिन्यावर बसून पोट धरून हसलो. कितीतरी वर्षांनी तशा हसलो. खोलीत चटया टाकल्या. त्या दोघी पडल्या पडल्या झोपल्या. मी हात कुठे ठेवावा तेच मला कळेना. शेवटी पिशवी कुशीत घेतली. अंग बदललं की आत खुळखुळा वाजायचा.

*

दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या कुंडावर गेलो. माझी छाती दगडासारखी झाली होती, ठणकत होती. मला वाटलं, ऊन पाण्याने बरं वाटेल. उतरले गळ्यापर्यंत! हिरा काठावरून ओरडली, "अगो ये वर! ऊन पान्यानं दूध आटतंय होय? सगळी फुलं फुकट घालवशील!"

कुंडातल्या सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. मी पाण्यातच बसून राहिले. वर येऊ तरी कशी!

मग आम्ही नुसते पाय सोडून बसलो. तेरेजा पाण्याकडे बघत म्हणाली, "मी मे महिन्यात जातेय."

"कुठे?"

"कुवेतला. एका घरी दोन मुलं सांभाळायची आहेत. बाई नोकरी करते."

गासला माझ्या दारात येणारी तेरेजा एकच होती. बेबीच्या बारशाला माझ्या माहेरची म्हणून तीच बसली होती. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. म्हटलं, "कुवेत आणि आमच्या ह्यांचं मस्कत जवळच ना गं? शाळेच्या नकाशात बोटभरच अंतर होतं."

"नकाशात बोटभरच गं," तेरेजा म्हणाली. "पण नकाशात गास तरी कुठे होतं?"

*

देवळाच्या पायऱ्यांशी एक फुलवाली बसली होती. आम्ही काही न घेता पुढे जायला लागलो तशी भडकली. "फुलं घरून आणता होय? वास लपतो काय? मग आम्ही इथं बसायचं कशाला? दाखवा पिशव्या!"

तेरेजाने माझी पिशवी उघडून दाखवली. टोपडं, लंगोट, खुळखुळा.

फुलवाली गोंधळली. "मग फुलं कुठं?"

हिरा तिच्या कानाशी वाकली आणि दोनच शब्द बोलली. फुलवालीने माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत. मग टोपलीतला उरलेला सगळा मोगरा ओंजळीने उचलून माझ्या पदरात टाकला.

"देवीला पुष्कळ येतात," ती म्हणाली. "मुलगा की मुलगी?"

*

तिसऱ्या दिवशी एसटीने परतलो. स्टँडवर उतरल्यावर त्या दोघी आपापल्या वाटेने जायच्या, पण माझे पाय उचलत नव्हते. बेबी आजारी पडली असेल. खाल्लं नसेल. रडून आवाज बसला असेल. तेरेजा म्हणाली, "चल, आम्ही दोघी घरापर्यंत सोडतो."

फाटकातून बघितलं तर सासूबाई ओट्यावर, बेबी त्यांच्या मांडीवर, आणि हातात वाटी. वाटीतला दूधभात खात होती! ओठांवर पांढरी मिशी.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "पहिली रात्र रडली. काल रात्री नाही."

मी धावत ओट्यावर चढले, उचललीच तिला. तिने नेहमीसारखं माझ्या मानेत नाक खुपसलं. वास घेतला. एकदम थांबली. मान मागे घेऊन माझ्याकडे बघितलं आणि खूश होऊन म्हणाली, "मावशी!"

हिराला हसू आवरेना. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मीही हसले.

मग बेबी माझ्या खांद्यावरून वाटेकडे बघायला लागली. फाटकाशी तेरेजा उभी होती. तिच्या केसांत त्या दिवशी एकही फूल नव्हतं, सगळी माझ्या अंगावर. बेबीने तिच्याही पलीकडे बघितलं, पार वळणापर्यंत. आणि विचारलं,

"आई?"

तेरेजा मे महिन्यात गेली. बेबी आता बालवाडीत जाते, दोन पोळ्या खाते. पापडीचं, गासचं, नाहीतर आजूबाजूचं कुणी कुवेतला जाणार असेल, तर तेरेजाला माझा एवढा निरोप पोचवा. मंदाने सांगितलंय म्हणावं, फुलं लागू पडली.