हलकं विमान आणि माझी लेक

मैत्रिणींनो, आज कुरियरने लेकीच्या विमानशाळेचं सामान आलं: जाड पुस्तक नऊशे रुपये, नकाशा चारशे. पैशांचं सोडा, त्यानंतर जे ऐकलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सोमवारी ती पहिल्यांदा एकटी विमान उडवणार आहे. मी म्हटलं, "शेजारी शिकवणारे सर नाहीत म्हणजे विमान हलकं, तेवढा धोका कमी. त्यात तुझा सोमवारचा उपास, म्हणजे तूही हलकी!"

"उलटं आहे, आई," पुस्तक उघडून ती म्हणाली. "हलकं विमान वाऱ्याच्या धक्क्याने जास्त उसळतं. म्हणून हवा खराब असली की वेग आणखी कमी ठेवायचा."

"नाही ठेवला तर?"

"पंखांना झेपणार नाही एवढा ताण येतो."

वेलचेरीच्या आमच्या घरात पुराचं पाणी जिन्यापर्यंत चढलं तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते. 'जाऊ नको' अगदी ओठांवर आलं होतं. देवाचं नाव घेतलं आणि एवढंच म्हटलं, "सावकाश जा गं."

ती स्कूटरवर निघाली की मी नेहमी हेच म्हणते, आणि ती नेहमी हसते. आज हसली नाही. "हो आई," म्हणाली.

तुमच्यापैकी कुणाची मुलं विमान उडवायला शिकली असतील, तर त्या दिवशी तुम्ही मन कसं आवरलंत? सोमवारच्या आत उलट टपाली कळवा.