मैनाबाईचा ठेचा

परतवाड्यात एक गोष्ट कानोकानी फिरली: मैनाबाईनं नवऱ्याला ठेच्यातून विष घातलं. सकाळी पानठेल्यावर सुटलेली ही गोष्ट दुपारी जीपमध्ये बसून मेळघाटात पोचलीसुद्धा. कोणी म्हणे धोतरा, कोणी म्हणे उंदराचं औषध. शेजारची गोदाबाई तर छातीवर हात ठेवून सांगे, "म्या सोताच्या डोयानं पायलं!" त्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, हा भाग वेगळा.

मैनाबाईचा नवरा देवमन ट्रकचे कमानपाटे बसवणारा मिस्त्री. हात घणासारखा, जीभ त्याहून जड. हमरस्त्याला लागून त्यानं घर बांधलं आणि त्याला लोखंडी दरवाजा स्वतः ठोकून बसवला. आल्यागेल्याला तो दरवाजा आपटून दाखवायचा. "हत्ती धडकला तरी हालत नाई, भौ!"

मग रस्ता रुंद करायची मोजणी आली. लाल रेघ थेट त्याच्या घरातून गेली. मागचं स्वयंपाकघर तेवढं वाचत होतं. देवमननं मोजणीवाल्याची मान धरून त्याला ओल्या रेघेवर असा दाबला, की बिचारा पाठीवर रेघ घेऊनच घरी गेला. गाव आठवडाभर हसलं.

मैनाबाई हसली नाही. देवमनची झोप उडाली होती. झोपेत दात कराकरा वाजत, कानशिलं ठणकत, एकदा तर जेवता जेवता नाकातून भळाभळा रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब भलताच चढलाय, गोळी एक दिवसही चुकवू नका.

देवमननं गोळी सुरू केली. डोकं उतरलं, झोप लागली. आणि एक दिवस रस्त्यात तोच मोजणीवाला भेटला, तर देवमननं चक्क त्याचा रामराम घेतला! घरी येऊन तो हादरून बसला.

"गोयीनं राग उतरते वं. राग उतरला त घर कोन वाचवन?"

गोळ्या नालीत गेल्या. राग परत आला, तो व्याजासकट. दारातलं कुत्रं लाथेनं कोलमडलं. जेवणाची थाळी मैनाबाईच्या कपाळावर बसली, टाके पडले.

"घर जाते त जाऊ द्या," ती रक्त पुसत म्हणाली. "तुमी राहा."

"घर गेल्यावर मी कायचा राहातो?"

वऱ्हाडी ठेच्यात कोणती चव लपत नाही? मैनाबाईनं नव्या गोळ्या आणल्या आणि मिरचीसोबत पाट्यावर वाटू लागली. देवमन पुन्हा झोपू लागला. जावयाच्या नावानं एक चावट विनोदही त्यानं केला. मैनाबाईला वाटलं, जिंकली.

पण एका दुपारी तो अवेळी घरात आला आणि पाट्यावर पांढरी भुकटी दिसली.

"काय हे?"

"तुमची गोयी."

त्याच्या लेखी हे विषापेक्षा वाईट होतं. त्यानं पाटा उचलून भिंतीवर फोडला, तिला केसांना धरून चौकात ओढत नेलं आणि ओरडला, "पाहा रे! विष घालून राहिली मले! घराच्या जिवावर उठली!" बायका दारात आल्या. गोदाबाई सगळ्यांत पुढे.

मैनाबाईचा ओठ फाटला होता. उठून उभी राहत ती म्हणाली, "आजपासून निस्ता ठेचा खा. भांडा पोटभर."

ती बोलली तशी वागली.

घर पाडायचं यंत्र आलं तेव्हा देवमन सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन दारात उभा होता. पहिल्या घावात यंत्राची काच फुटली, दुसऱ्यात चालकाचा खांदा. दोन शिपाई त्याच्या हातांना लोंबकळले, त्यानं दोघांनाही झटकून दिलं. यंत्रानं दरवाजाला धडक दिली. दरवाजा खरंच हलला नाही; भिंतच कोसळली आणि तो उभाच्या उभा रस्त्यावर आडवा झाला. देवमननं पुन्हा सब्बल उचलली. हात वर गेलाच नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि तो विटांवर पडला.

आता तो उरलेल्या स्वयंपाकघरात खाटेवर असतो. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मैनाबाई घास भरवते, तेव्हा दारावरून जाणाऱ्या बायका वाकून थाळीत बघतात.

मैनाबाईनं विष घातलं नव्हतं. ती रक्तदाबाची गोळी होती. त्या भांडणानंतर तिनं ती घालणं बंद केलं, आणि यंत्र आलं त्या दिवशी देवमनच्या मेंदूतली नस फुटली.