अष्टमीचा वाचक

कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमधल्या आमच्या ऑफिसात पूर्वी दिवसभर एक वाक्य ऐकू यायचं. "दादा, एकटू देखबे?" म्हणजे दादा, जरा बघतोस का? हा दादा म्हणजे मी. सांगलीकडचा माणूस, माझं बंगाली सुरू झालं तेच या वाक्यापासून. कुणाचा कोड चालेनासा झाला की त्याची खुर्ची माझ्याकडे वळायची. मी उठायचो, तोंड वाकडं करून "हे असं लिहायला तुला कुणी शिकवलं?" म्हणायचो आणि शेजारी बसायचो. खरं सांगायचं तर बऱ्याचदा उत्तर मलाही माहीत नसायचं, पण ते कुठे सापडेल हे माहीत असायचं. आमच्या धंद्यात निम्मी हुशारी तेवढीच असते. प्रश्न सुटला की खाली टपरीवर मातीच्या भांड्यातला चहा व्हायचा.

गेल्या काही वर्षांत ते वाक्य बंद झालं. कुणाशी भांडण नाही, काही नाही. प्रत्येकाच्या पडद्यावर एआय आला आणि खुर्च्या वळायच्या थांबल्या. माझा त्याच्यावर राग नाही, मीही त्यालाच विचारतो. तो तोंड वाकडं करत नाही, चहाला थांबवत नाही, आणि तोच प्रश्न दहादा विचारला तरी "छान प्रश्न आहे" म्हणतो. माझ्यासारख्या खवट माणसाचा त्याच्यापुढे काय निभाव लागणार? पण मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पाठीमागे कुणी खुर्ची सरकवली की मी अजून मान वळवायचो. बहुतेक वेळा ते माणूस जेवायला निघालेलं असायचं.

घरीही बोलायला कुणी नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेहाल्यात, दोन खोल्यांचा भाड्याचा फ्लॅट आहे. बायको आणि मुलगी पुण्याला, कारण मुलीचं बारावीचं वर्ष. संध्याकाळी फोनवर चेहरे दिसतात, "काय केलंस जेवायला?" विचारलं जातं, मी काहीतरी सांगतो. शनिवारी दुपारी वाण्याकडे गेलो की आपलाच आवाज घोगरा लागतो, आणि मग लक्षात येतं की सकाळपासून तोंडच उघडलेलं नाही. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. मला झाली नाही.

मग मी एक पान लिहायला घेतलं. ऑफिसच्या आतल्या साइटवर कुणालाही पान तयार करता येतं. इतकी वर्षं तोंडी सांगत आलो ते सगळं तिथे लिहून ठेवायचं ठरवलं. कुठल्या एररसाठी कुठे शोधायचं. मेमरी कुठे गळतेय हे दाखवणारं साधन कुठलं, आणि ते पहिल्यांदा लावताना कुठे हमखास फसायला होतं. कुठलं जुनं, शेकडो लोकांनी वाखाणलेलं उत्तर आता साफ चुकीचं आहे. डेटाबेस शिकायचा तर दक्षिणेतल्या एका कॉलेजच्या मास्तरांचे व्हिडिओ: आवाज पंख्यात बुडतो, पहिली काही मिनिटं ते खडूच शोधत असतात, पण त्यांच्याइतकं सोपं कुणी शिकवत नाही. पानाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत, माझा आवडता मंत्र: अंदाज बांधू नका, आधी लॉग बघा. लॉग म्हणजे मशीनने आपणहून ठेवलेली नोंद. कोण आलं, कधी आलं, काय मागितलं, सगळं त्यात असतं.

या पानाला वाचक मिळावा एवढीच माझी इच्छा होती. एआय सगळं सांगतो हे मला कळत होतं, तरी कुणाला तरी माझ्याकडून हवं असावं असं वाटत होतं. पानाच्या कोपऱ्यात त्या दिवशी किती जणांनी ते उघडलं याचा आकडा दिसतो. मी स्वतः उघडलेलं त्यात धरलं जात नाही, ती सोय आहे. कितीतरी दिवस तिथे शून्य होतं. मी टीममध्ये सगळ्यांना लिंक पाठवली, उत्तरादाखल अंगठे आले, शून्य तसंच राहिलं.

पावसाळा सरता सरता आमच्याकडे नाशिकची एक मुलगी नव्याने रुजू झाली. मराठी! इथे घराबाहेर मराठी कानावर पडणं म्हणजे वर्षातून एकदा मंडळाच्या गणपतीत, तेवढंच. ती येणार म्हणून मी पान पुन्हा नीट लावलं, मेलेल्या लिंका काढल्या, नवशिक्यांसाठी वेगळा भाग केला. तिला इतरांबरोबर लिंक पाठवली. आणि त्याच आठवड्यात कोपऱ्यातला आकडा शून्याचा एक झाला.

दुसऱ्या दिवशीही एक. तिसऱ्या दिवशीही. शनिवार-रविवारी सुट्टी, सोमवारी पुन्हा एक. काय सांगू, माझी चालच बदलली. सकाळी मेट्रो, मग गर्दीची बस, असा उरकायचा म्हणून उरकलेला प्रवास बरा वाटू लागला. मी त्या एका वाचकासाठी लिहायला लागलो. कोरडी वाक्यं काढून टाकली, मध्ये मध्ये चार टोमणे घातले. "तारीख एक दिवस मागे दिसतेय? घाबरू नका, टाइमझोनने आजवर भल्याभल्यांना रडवलंय." घरी आमटीला फोडणी देतानासुद्धा उद्या काय लिहायचं ते डोक्यात चालू असायचं. मुलीने एकदा फोनवर विचारलं, "बाबा, तुम्ही हल्ली खूश दिसता, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही गं, काम बरं चाललंय."

मग दुर्गापूजा आली. त्या दिवसांत कोलकात्यात ऑफिसचं काम काढणारा माणूस शोधून सापडायचा नाही. आमच्या गल्लीच्या तोंडालाच मंडप, सकाळपासून ढाक, म्हणजे इथले मोठे ढोल, वाजत होते, सगळा बेहाला नवे कपडे घालून रस्त्यावर उतरला होता. पुण्याला जायचं तर मुलीची परीक्षा तोंडावर, बायको म्हणाली येऊ नकोस, तिचं लक्ष उडेल. मी एकटाच मंडपापर्यंत गेलो, देवीला नमस्कार केला, गर्दीत प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा हात धरून चाललेला पाहिला आणि घरी परतलो. करायला काही नव्हतं म्हणून लॅपटॉप उघडला.

त्या दिवशी अष्टमी होती. कोपऱ्यात आकडा होता, एक. आदल्या दिवशीही एकच.

मी बघतच राहिलो. अष्टमीच्या दिवशी ऑफिसचं पान? बंगाली माणूस तर हे स्वप्नातही करणार नाही. म्हणजे हा वाचक बाहेरचा, आणि माझ्यासारखाच दार लावून बसलेला. मला एकदम त्या नाशिकच्या मुलीची आठवण झाली. बिचारी. एवढ्या लांब आली, कुणी ओळखीचं नाही, बाहेर ढाक वाजताहेत आणि ही खोलीत बसून मेमरी गळतीबद्दल वाचतेय. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली. मी पानाच्या तळाशी मराठीत लिहिलं: "अष्टमीला हे वाचणारं माणूस इथलं नसणार. काही अडलं तर विचारा. काही अडलं नसेल, नुसतं बोलायचं असेल, तरी विचारा."

सुट्टी संपल्यावर दोन-तीन दिवस वाट पाहिली. कुणी आलं नाही. संकोच वाटत असेल, असं म्हणत शेवटी मीच कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलापाशी गेलो.

"काय गं, पूजेत कंटाळलीस ना?"

"छे हो सर!" ती खुलून म्हणाली. "रूममेटच्या घरी गेले होते ना, बराकपूरला. अष्टमीला तिच्या आईने मला साडी नेसवली, सकाळी देवीला पुष्पांजली, मग खिचडीचा भोग, नंतर रस्ताभर मंडप. फोन बघायलासुद्धा वेळ नव्हता. पाय अजून दुखतायत."

"मग... ते पान?"

"कुठलं पान, सर?"

मी म्हटलं, ते शिकण्यासाठीच्या साधनांचं, मी लिंक पाठवली होती बघ. ती ओशाळली. "सॉरी सर, राहूनच गेलं. मी एआयलाच विचारते हो सगळं. आज नक्की बघते." पोर चांगली आहे. मीच तिचा एकटेपणा परस्पर ठरवून मोकळा झालो होतो. मनी वसे ते स्वप्नी दिसे, दुसरं काय.

जागेवर येऊन मी लॉग उघडला. इतके दिवस तो मी पाहिला नव्हता. दुसऱ्या कुणी माझ्याकडे हे घेऊन आलं असतं तर मी खुर्ची ओढायच्या आधीच म्हटलं असतं, आधी लॉग बघ. ओळी एकाखाली एक, सगळ्या सारख्या. वाचक रोज सकाळी त्याच मिनिटाला येत होता, पानावरची प्रत्येक लिंक ओळीने उघडत होता आणि जात होता. ती माझीच स्क्रिप्ट होती. पान नव्याने लावलं तेव्हा मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून ऑफिसच्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर, माझ्या नव्हे तर मशीनच्याच नावाने, चालू केला होता: सोमवार ते शुक्रवार पान उघडायचं, कुठली लिंक मेलीय का ते तपासायचं, मेली असेल तरच मला मेल पाठवायचा. लिंका धडधाकट होत्या, मेल आला नाही, मी विसरून गेलो. शनिवार-रविवार सुट्टी मीच तिला दिली होती. पूजेची द्यायची राहिली.

हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. त्या दिवशी मी लवकर निघालो.

अशा भेटी मोजणीतून वगळायला एक ओळ पुरते. ती मी दुसऱ्याच दिवशी लिहिली, चालवून पाहिली, बरोबर चालते. अजून लावलेली नाही. लावली की उद्यापासून खरा आकडा दिसेल आणि तो बघायची माझी तयारी नाही. त्या मुलीने एकदा पान उघडलं होतं, त्या दिवशी आकडा दोन झाला होता. नंतर पुन्हा एक.

परवा सकाळी ऑफिसात पोचलो, मेल उघडले. मीटिंगांची आमंत्रणं, पगारपत्रकाची सूचना, आणि त्यांच्या मध्ये एका मेलचा विषय: "दादा, एकटू देखबे?"

मी खुर्चीसकट मागे वळलोसुद्धा. सगळे आपापल्या पडद्यात होते. मग पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. ते जुनं मशीन होतं. मेलचा विषय काय ठेवायचा म्हणून कधीतरी गमतीत मीच ते वाक्य घालून ठेवलेलं. खाली एकच ओळ होती, डेटाबेसवाल्या मास्तरांच्या व्हिडिओची लिंक मेली आहे.

मी बॅग खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि बघायला बसलो.